हॉलिसच्या माथी मारलेलं चाक

प्रिय हॉलिस,

आपली ट्रक-शर्यतीची टीम परवा बंद झाली. मूर्सव्हिलच्या गॅरेजच्या भिंतीवर टीमचा इतिहास लिहायचा, म्हणून मालकीणबाई लोरीननं मला विचारलं, "शेवटची शर्यत चाक निखळल्यामुळेच हातची गेली ना रे?"

त्या दिवशी शर्यतीत मधेच थांबून चाक बदलताना तू शेवटचा नट आवळत होतास. "थांब, व्हर्नन!" म्हणून ओरडलास. मला ऐकू आलं होतं, तरी घाईत मी ट्रक उचलून धरलेला जॅक सोडला. ट्रक सुटला, वळणावर चाक निखळलं आणि नोकरी तुझी गेली. जॅक मी आधी सोडला, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आज खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो, हॉलिसकडून नट आवळायचा राहिला."

तेच आता भिंतीवर लिहिलंय. रंगारी चढला तेव्हा शिडी मीच धरली होती.

तुझ्या बहिणीचा नवरा,
व्हर्नन