घास म्हणजे गवत नव्हे

मृत्युपत्र करून ठेवणार मी, रघुजी फत्तेसिंग लाड, वय वर्षे त्रेसष्ट, टेलिफोन कारखान्यातून निवृत्त, राहणार पाचवा मेन रस्ता, चामराजपेट, बंगळूर. अन्ननलिकेच्या कर्करोगामुळे गेले दोन महिने माझे अन्न नळीतून जाते. जीभ जड झाली आहे, डोके नाही. खालील मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली किंवा भ्रमात लिहीत नाही. रागात लिहितो आहे, आणि राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे असे डॉक्टरांना विचारून घेतले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. माझा धाकटा भाऊ कै. विठोजी याची पत्नी सोयराबाई हिने ते हयातभर वापरावे. तिच्या पश्चात ते त्यांची मुलगी शिवानी हिचे. मी लग्न केले नाही, त्यामुळे दुसरा कोणी हक्क सांगायला आला तर तो खोटा. माडीवरून खालच्या खोलीत भिंतीलगत टेलिफोनची तार गेली आहे, ती रंगकाम करताना काढू नये. कारण कलम ४ मध्ये.

२. बँकेत जे असेल ते शिवानीचे. सोयराबाईच्या गुडघ्यांचे औषधपाणी त्यातून व्हावे.

३. सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अभिमन्यूला. त्याने ती तीनदा मागून नेली आणि तीनदा परत आणली, असा माणूस मला दुसरा भेटला नाही. दोन जुने संगणक मात्र कोणालाही देऊ नयेत, भंगारवाल्याला तर मुळीच नाही.

४. निळ्या पुठ्ठ्याची वही. माझी खरी इस्टेट हीच. १९९१ च्या ऑगस्टात विठोजीने आणि मी माडीवरच्या संगणकातून खालच्या संगणकात त्या तारेने हलते चित्र पाठवले. चित्र तळहाताएवढे, काळेपांढरे, सतरा सेकंदांचे. सगळे चित्र पोचायच्या आतच खाली ते चालू झाले आणि मध्ये अडखळले नाही, नवल ते. युक्ती विठोजीची. त्या वर्षी आमच्या आईला, सकवारबाईला, अर्धांगवायू झाला होता आणि विठोजी तिला हाताने भरवत असे. पुढचा घास यायला उशीर झाला की ती तोंड मिटून घेई, मग काही केल्या उघडत नसे. घाई केली तर ठसका लागे. म्हणून तो एक घास तोंडात, एक हातात, एक ताटात कालवून तयार, असे चालवी. एकदा भरवता भरवता मला म्हणाला, "अण्णा, चित्राचंबी असंच करूया की. खालच्याला एकदम वाढायचं नाही. घास घास द्यायचं." आणि हात धुऊन सरळ वही घेऊन बसला. चौदा पाने आहेत. चित्राच्या तुकड्याला सगळीकडे 'घास' हाच शब्द आहे. आम्ही पाठवलेले पहिले चित्र आईचेच, जेवतानाचे.

५. दावा. १९९७ पासून याच पद्धतीने आमची छोटी कंपनी लग्नामुंजींच्या फिती इंटरनेटवरून परदेशातल्या नातेवाइकांना दाखवते. विठोजी ते पाहायला राहिला नाही. छातीत दुखते हे लपवून संगणकापुढे बसत राहिला आणि ९५ साली गेला. गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीची नोटीस आली की चित्र असे तुकड्यांनी पाठवण्याचे पेटंट त्यांचे, शोध त्यांनी १९९२ साली लावलेला, आणि आम्ही चोर. आमच्या फिती अमेरिकेतल्या संगणकावर ठेवलेल्या, म्हणून दावाही तिकडच्या कोर्टात. अशा नोटिसा त्यांनी पुष्कळांना धाडल्या आणि बहुतेकांनी मुकाट सह्या केल्या. मी म्हटले, वही दाखवतो. १९९१ हे १९९२ च्या आधी येते, एवढे अमेरिकेतही मान्य असावे.

६. माझी चूक. कोर्टाला वहीचे इंग्रजी भाषांतर हवे होते, शिक्केवाल्या भाषांतरकाराचे. मराठीचा असा माणूस मला बंगळुरात मुदतीच्या चार दिवसांत सापडला नाही. हिंदीचा सापडला, रघुपती नावाचा. म्हणाला, "सार, लिपी तीच. भाषा स्वल्प वेगळी, मी सांभाळतो." दोन दिवसांत त्याने काम दिले. प्रत्येक पानावर 'हे भाषांतर मी तपासले असून ते बरोबर आहे' असे छापलेले होते, त्याखाली मी सही केली. चौदा सह्या. वाचले एकही पान नाही. कुरिअरवाला दारात उभा होता.

हिंदीत घास म्हणजे गवत.

कोर्टात गेलेल्या कागदांत आम्ही दोघे भाऊ तारेतून गवत पाठवतो आहोत. एक गवत तोंडात, एक हातात, एक ताटात. समोरच्या वकिलाने लेखी उत्तर दिले की ही वही जनावरांच्या चाऱ्याविषयी आहे, तिचा या दाव्याशी संबंध नाही, आणि भाषांतरात तसेच राहिलेले 'आई' हे बहुधा गायीचे नाव असावे. हे वाचल्यावर मी ते भाषांतर पहिल्यांदा उघडले. मग दुरुस्ती पाठवली. तर म्हणतात, आता शब्द बदलून पुरावा तयार करता आहात, सह्या तर तुमच्याच आहेत. आहेत. रघुपतीवर माझा राग नाही. त्याला मराठी येत नव्हती, मला येत होती.

विठोजी दोनदा म्हणाला होता, "अण्णा, हे इंग्रजीत लिहून ठेवूया." मी म्हटले, घरातल्या गोष्टीला इंग्रजी कशाला? त्या माझ्या बोलण्याची मला फार लाज वाटते.

७. आमचा भागीदार पद्मनाभ, पुण्याचा, हल्ली मुक्काम मारतहळ्ळी. पोरगा हुशार आहे. समोरच्यांचा तडजोडीचा कागद त्यानेच आणला. 'ही पद्धत मुळात तुमची, आम्ही ती घेतली' असे एक वाक्य लिहून एकतीस डिसेंबरच्या आत सह्या करायच्या, मग दावा मागे. नाहीतर कंपनी बंद पाडतील. मला म्हणाला, "काका, प्रॅक्टिकल व्हा ना. एक सेन्टेन्स आहे फक्त." त्या एका वाक्यात माझा भाऊ चोर ठरतो आणि माझी आई गाय राहते. पद्मनाभला माझा वाटा मिळणार नाही. माझे मनगटी घड्याळ देतो, तो नेहमी उशिरा येतो.

८. कंपनीतला माझा वाटा आणि वही शिवानीला. या कलमात काल एक अट होती की तिने त्या कागदावर कधीही सही करू नये, केली तर घर तिचे नाही. सोयराबाईने ती वाचली. माझ्यापुढे ती कधी मोठ्याने बोलत नाही, कालही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "भावजी, त्या वहीनं माझा माणूस नेला. आता पोरीला तरी सोडा." शिवानी शेजारीच होती. ती मला कन्नडातले दोड्डप्पा म्हणते, म्हणजे थोरला काका. म्हणाली, "दोड्डप्पा, अट राहू दे. मी नाही करणार सही." चोवीस वर्षांची आहे. चोविसाव्या वर्षी मीही पुष्कळ काही करणार नव्हतो.

अट खोडली आहे. खोडल्याच्या जागी माझी सही आहे. शिवानी, कंपनी वाचवायची असेल तर खुशाल सही कर, मी मेल्यावर रागावणार नाही. मात्र कोणी कागद पुढे केला म्हणून करू नकोस. आधी बाबाची चौदा पाने मोठ्याने वाच, मग त्यांचे वाक्य मोठ्याने वाच, मग तुला वाटेल ते कर. मला मनातून काय हवे आहे ते तुला माहीत आहे. ते लपवणे मला जमत नाही.

९. दहाव्याला कावळ्यासाठी घास ठेवाल. शिवला नाही तर दावा जिंकू असे त्याला सांगू नका, ते कोणाच्या हातात नाही. थोडा वेळ थांबा आणि घरी जा.

१०. शपथेवर सांगतो. घास म्हणजे एका वेळी तोंडात मावेल एवढे, हाताने कालवून दिलेले अन्न. वहीत पहिल्या पानापासून चौदाव्यापर्यंत दुसरा अर्थ नाही. मरणाऱ्याच्या शब्दाला तिकडे किती वजन असते ते ठाऊक नाही. इथे तो लिहून ठेवला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला. सगळी पाने दोनदा वाचली. या वेळी वाचून सही करतो आहे.

रघुजी फत्तेसिंग लाड

ठिकाण: चामराजपेट, बंगळूर
तारीख: ११ ऑक्टोबर १९९९

साक्षीदार:

१. डॉ. स्मिता कदम, उपचार करणाऱ्या डॉक्टर. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहेत. सही माझ्यासमोर केली.

२. भीमाचार्य, शेजारी. मला मराठी लिहिता येत नाही, माझे म्हणणे डॉक्टरांनी इथे लिहिले आहे. रघुजी अण्णांनी सगळा कागद मला कन्नडात सांगितला. न कळले तिथे मी थांबवून विचारले. गवताला आम्ही हुल्लु म्हणतो, ते यात कुठेही नाही. घास म्हणजे तुत्तु, आईला भरवतात तो. सरी, म्हणजे बरोबर आहे, म्हणून सही केली.