मी शाळा सोडून राहिली

सर, अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, आणि आज मला स्वतःचा राजीनामा लिहिता येत नाहीये. सकाळपासून तीन कागद फाडले. भांडण नाही, कोणी काढलंही नाही. अंजनगावच्या आमच्या फुलांच्या मळ्यात भाऊ एकटा पडलाय आणि मलाही आता तिथं राहावंसं वाटतं, एवढंच. पण 'क्विट' लिहिलं की दार आपटून निघाल्यासारखं वाटतं, आणि 'सरेंडर' म्हणजे तर हातच वर केले. शेवटी नेटवरून 'टेंडर माय रेझिग्नेशन' उतरवून घेतलं, तर ऑफिसातले बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, टेंडर नालीचं निघते. नोकरीचं कधीपासून निघून राहिलं?" मग तोही फाडला.

तुम्ही हे नववीतच सांगून ठेवलं होतं. "पोट्टे हो, 'गिव्ह अप' तंबाकूले, 'गिव्ह इन' बायकोले, 'सरेंडर' दुश्मनाले. तिघायचा एकमेकात घोय करू नका." तुमच्या खिशातली तंबाखूची पुडी साऱ्या वर्गाला दिसत होती, आणि सगळ्यांत जास्त तुम्हीच हसत होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं. झेंडू तोडायला हात कमी पडत होते. बाबांपुढे तोंड उघडायची माझी बिशाद नव्हती. तुम्ही वर्गशिक्षक, म्हणून दाखल्याचा अर्ज द्यायला त्यांनी मला तुमच्या घरी धाडलं. अजून दिसतं मला. काकू भाकर थापताहेत, तुम्ही शेजारी बसून लसूण सोलताय. "अर्ज इंग्रजीतच पायजे," तुम्ही मान वर न करता म्हणता. मी उंबऱ्यावर बसून लिहिते. 'मी शाळा सोडून राहिली', म्हणजे आपल्या वऱ्हाडीत 'सोडते आहे', याचं इंग्रजी. आय ॲम लीव्हिंग अँड स्टेइंग इन स्कूल.

तुम्ही वाचता, काकूंना वाचून दाखवता, आणि हसता हसता लसणाचं ताट उपडं करता. "काहून वं, सोडून राहिली म्हणजे लीव्हिंग अँड स्टेइंग?" मग कागद पुन्हा एकदा वाचून माझ्याकडे बघता. "तुयाच हातानं 'स्टेइंग' लिहिलं ना? मंग राय."

तसेच सायकल काढून मळ्यात गेलात. बाबांच्या हातात कागद देऊन म्हणालात, "पोरगी शाळेत राहतो म्हणते. मी मंजूर केलं." बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "इंग्रजीत लिवलं हाय तं बरोबरच असन." दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला 'आय ॲम लीव्हिंग' पन्नास वेळा लिहायला लावलंत. चूक ती चूक, म्हणालात. पुढे दर वर्षी नव्या वर्गाला ही गोष्ट सांगितलीत, आणि अख्ख्या गावात माझं हसं झालं. मला त्याचा कधी राग आला नाही.

दुपारी एकदाचं लिहिलं. 'आय विश टु लीव्ह.' चार साधे शब्द. सही करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून आले, आणि येताना कँटीनमध्ये बाबूंना भजी खाऊ घातली. जाते आहे, ती माझ्या मनानं, आणि याचा फार आनंद होतोय.

हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. सर, ती चूक नव्हती. 'आय ॲम लीव्हिंग' मला चांगलं येत होतं. बाबांपुढे 'नाही' म्हणणं तेवढं मला येत नव्हतं. तुम्ही होता तोवर हे सांगायला हवं होतं, पण तुम्ही ती गोष्ट इतक्या खुशीत सांगायचात की माझ्यानं बोलवलं नाही.