मार्गदर्शक बदलून मिळावा

मंगळवार, ६ जानेवारी २०२६. सकाळी ११ वाजून २० मिनिटे

याच मिनिटाला दूध संघातून सम्राटचा फोन. ऑफिसातला कारकून. आवाजात नुसता मध!

"मॅडम, रागावू नका. संयोगितानं अर्ज दिलाय. मार्गदर्शक बदलून पायजे म्हणती."

बदलून! मी काय चप्पल आहे, चावते म्हणून दुकानात परत करायला?

कारण विचारलं. "वैयक्तिक, असं लिवलंय." आणि नवा मार्गदर्शक कोण? नृसिंहराव! उभ्या नोकरीत टँकर मोजले, दुधाला कधी नाक लावलं नाही.

मी प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा त्या फाटकातून आत जायचं नाही. मग मॅनेजर उदयसिंह घरी आले. म्हणे नवी योजना आहे, एका निवृत्त अधिकाऱ्यानं एका नव्या माणसाला घडवायचं. माझ्या वाट्याला ही शिरोळची पोरगी आली. प्रोबेशनवर. महिनाअखेर कायम होणार, नाहीतर घरी जाणार. आणि नेमकी आत्ताच हिला मी नको झाले?

यामागे कोणीतरी आहे.

बुधवार, ७ जानेवारी

रंकाळ्यावर फिरायला गेले ती मुद्दाम. नृसिंहराव बाकावर शेंगदाणे खात होते.

"काय नृसिंहराव, शिष्या पळवलीत?"

"मी? मला तर काल फोनवर कळलं की हो! म्हटलं, पोरीला पद्मजाबाई सोसल्या न्हाईत, झालं."

हसले. शेंगदाणे पुढे केले. घेतले नाहीत. इतका आनंद बिनकामाचा नसतो.

मी कडक आहे, कबूल. कॉन्व्हेंटात सिस्टर नुसत्या बाकाशेजारी येऊन उभ्या राहिल्या की वहीतली चूक आपोआप दिसायची. मी तसंच शिकवते. संयोगिता पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसायची आणि सगळ्याला "व्हय मॅडम". मी दर गुरुवारी एकच विचारायचे – या आठवड्यात कोणाला नाही म्हणालीस? आधी गप्प बसायची. मग हळूहळू उत्तरं यायला लागली.

आता मलाच नाही म्हणाली. छान!

गुरुवार, ८ जानेवारी

पाच वाजले. आली नाही. दोन कप काढले होते, एक परत ठेवला.

शनिवार, १० जानेवारी

आक्का जेवताना म्हणाली, "तू तिला शिकवत होतीस का तपासत होतीस?" सख्खी मोठी बहीण, म्हणून ऐकून घेतलं. आमटी मात्र दुसऱ्यांदा वाढली नाही.

दुपारी सरळ उदयसिंहांना फोन लावला.

"बरंच झालं की मॅडम. तुम्हाला या वयात कशाला ताप? त्यात ती चौकशी..."

"कसली चौकशी?"

"किरकोळ हो. असंच."

फोन ठेवला. किरकोळ गोष्टीला हा माणूस आवाज खाली घेत नाही. चौकशी कोणाची? पोरीची? मग तिनं मला का नाही सांगितलं? का काही गैर केलं, आणि आता मला तोंड दाखवायची लाज वाटते?

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

संध्याकाळी दारात संयोगिता. हातात तिळगुळाचा डबा. नमस्काराला वाकली, मी पाय मागे घेतले.

"गोड नंतर. आधी कारण."

"आज कोण कुणाच्या घरी गेलं तर कुणी विचारत न्हाय, म्हणून आजच आले, मॅडम."

मग सांगितलं. अर्जाच्या आधी एका पहाटे एका गावच्या दूध सोसायटीचं दूध आलं. यंत्रावर फॅट, एसएनएफ सगळं बरोबर. पण झाकण उघडताच हिला आंबूस वास आला. सगळे कॅन परत! त्या सोसायटीचा चेअरमन संघाच्या एका संचालकाचा जावई. दूध घेऊन गाडी गेली, आता पुरावा नाही. हिला कायम करणं अडवून चौकशी लावली – यंत्रानं पास केलेलं दूध नव्या पोरीनं कोणत्या अधिकारानं नाकारलं?

"मग माझ्याकडे यायचं सोडून पळालीस?"

"योजनेच्या नियमात हाय मॅडम. मार्गदर्शकाला आपल्या माणसाच्या चौकशीत बोलता येत न्हाय. आणि वासाबद्दल जिल्ह्यात कुणाचं ऐकतील तर तुमचंच."

मी तिच्या हातातला डबा घेतला.

"मग नृसिंहराव कशाला?"

"कुणाचं तरी नाव घालावंच लागतंय. ज्यांचं बोलणं वाया गेलं तरी चालंल, त्यांचं घातलं."

आक्का आतून खो खो हसली.

"फोन करता येत नव्हता?"

"केला असता तर तुम्ही तिथल्या तिथं उदयसिंह सरांना झापलं असतं."

खरं आहे. झापलंच असतं. तरी विचारलं, ही लबाडी नाही का? म्हणाली, "तुम्ही शिकवलं न्हाय असं मी कुठं लिवलंय?" मला चौकशीत कोणी विचारलं तर हिला मीच शिकवलं म्हणून सांगेन. खोटं बोलणार नाही.

पोरगी मला वापरते आहे, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. तिळगूळ बरा होता. गूळ जरा जास्त.

शुक्रवार, १६ जानेवारी

उदयसिंहांना आज हातपोच पत्र दिलं, त्याची नक्कल:

"झाकण उघडताच वास घेणे ही दूध स्वीकारण्यातली पहिली तपासणी आहे. यंत्र त्यानंतर. वास आला म्हणून परत पाठवलेले कॅन नियमानेच परत गेले. हे मी चौकशीपुढे स्वतः येऊन सांगणार आहे. चौकशी कोणाच्या सांगण्यावरून लावली आणि या मुलीला कायम करण्याचे कोणत्या नियमाने अडवले आहे, याचे लेखी उत्तर शुक्रवार, २३ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत मिळावे. संयोगिता माझी कोणीही लागत नाही."