दाराजवळचं आमेन

१ मार्च, रविवार
पाळकसाहेब आले नाहीत. त्यांच्याकडे गावं फार, आमच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार. बाकीचे माझ्या गळ्यात. एस.टी.तला निवृत्त कंडक्टर, आवाज मोठा, एवढ्या भांडवलावर देवाचं काम मिळालं.
उपासना ठीक. प्रार्थना संपली आणि पुन्हा तेच. सगळे डोळे मिटून थांबले. आमच्या देवळात पहिलं आमेन सायमनदादाचं, दाराजवळच्या खांबाला टेकून. माझा थोरला भाऊ. त्याचं झालं की मग बाकीचे. दादा नाताळनंतर गेला, पण ती जागा कोणी घेत नाही. आज इतका वेळ थांबलो की उसाचा एक ट्रॅक्टर गाणी वाजवत आला आणि निघूनही गेला. शेवटी बायकांतून कोणीतरी पुटपुटलं. बेल न मारता गाडी सुटावी तसं वाटलं.

४ मार्च, बुधवार
रूथवहिनीकडे जाऊन आलो. दादा गेल्यापासून तिला अन्न जात नाही. नगरला दाखवून आणलं, औषधं चालू. खाटेवर एवढीशी दिसते.
"भावजी, यांच्यासाठी केल्ती तशी प्रार्थना माझ्यासाठी करा."
करू म्हणालो. चहा कसाबसा संपवून निघालो.
तशी म्हणजे कशी, ते सगळ्या गावाला माहीत आहे. दादाच्या खाटेशी हात वर करून म्हणालो होतो, प्रभू, तू याला बरं केलंस, तुझे आभार. करशील नाही, केलंस. तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं. आणि दादाने स्वतः पडल्या पडल्या खणखणीत आमेन म्हटलं. त्याच आठवड्यात त्याला मातीला नेलं.
तेव्हापासून आत काही नाही. तोंडाला सगळं पाठ आहे म्हणून चाललंय. कोणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितो. माझा विश्वास गेला.

७ मार्च, शनिवार
संध्याकाळी देऊळ झाडलं, सतरंज्या अंथरल्या, आतून कडी घातली. उद्याची प्रार्थना एकदा म्हणून पाहायची सवय आहे. निम्म्यात अडलो. शब्द येत होते, पण स्वतःचीच लाज वाटायला लागली. चिडून मोठ्याने म्हणालो, "इथं कोणी ऐकत नाही."
दाराकडून आवाज आला. "आमेन."
दादाचा. शेवटचा न नाकात ओढलेला, तसाच. वळलो तर खांब. वर पारवे बसलेले. कडी मी घातली तशीच होती.

८ मार्च, रविवार
पत्रे असतील. दिवसभर तापलेले पत्रे संध्याकाळी निवताना वाजतात. लहानपणापासून ऐकतोय.
पण पत्रा आमेन म्हणत नाही. आज लोकांसमोर तो आवाज आला नाही. मी मात्र सगळा वेळ खांबाकडे बघत होतो. एक म्हातारी म्हणाली, "कंडक्टर, तिकडं काय पास तपासताय व्हय?"

१४ मार्च, शनिवार
आज ठरवूनच गेलो. दोन्ही खिडक्या लावल्या, कडी घातली.
आधी चांगली प्रार्थना केली, ठेवणीतली. काही नाही. मग एस.टी.चे थांबे म्हणालो. कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी. काही नाही. स्वतःचंच हसू आलं, जरा धीर आला. घरी निघायचं म्हणून चपला हातात घेतल्या आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणालो, "माझा विश्वास नाही."
"आमेन."
या वेळी दाराकडून नाही. सतरंजीच्या मधोमध. माझ्यापासून दोन हातांवर.
चपला तिथेच टाकून पळालो. कडी काढताना बोट चेमटलं, नख काळं पडलंय. खूप भ्यालो. पण भीती आवाजाची कमीच. दादा कशाला होकार देतोय, याची जास्त. तिकडे जाऊन बघितलंस का, दादा? आणि काही नाहीच का तिथे?

१६ मार्च, सोमवार
पाळकसाहेबांना फोन. आवाजाचं सांगितलं, विश्वासाचं नाही. त्यांनी विचारलं,
"तो आवाज काय म्हणतो?"
"आमेन."
"मग त्यात वाईट काय आहे?"
पुढे म्हणाले, दमला असाल तर देवळाची किल्ली दुसऱ्याकडे द्या. द्यावी का? देतो म्हणालो नाही.

२२ मार्च, रविवार
वहिनीचा निरोप, भावजी फिरकले न्हाईत. खरं आहे. तिच्या दारावरून दोनदा सायकल पुढे नेली.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
शिंदीच्या झावळ्या घेऊन फेरी निघाली. वहिनीच्या दारात सगळे होसान्ना म्हणत थांबले, मी मागे राहिलो. ती आतून हात हलवत होती. मला शोधत होती बहुतेक.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
दुपारी गुड फ्रायडेची उपासना सुटली, तसाच तिच्याकडे. टाळून टाळून किती टाळणार. तिने हात धरला, कोरडा, कढत.
"आता करा."
केलंस म्हणायला तोंड उघडलं, झालं नाही. तिच्यापुढे खोटं बोलवेना. डोळे गच्च मिटून जे होतं ते म्हणालो. प्रभू, माझा विश्वास नाही. हिचा आहे. हिचं ऐक.
म्हणालो आणि अंगावर काटा आला, कारण आता काय येणार ते माहीत होतं.
"आमेन." वहिनीचं, बारीक. आणि त्याच्या पाठोपाठ उंबऱ्यातून दुसरं.
डोळे उघडले. वहिनी माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.
"त्यांला आत बोलवा की. उन्हात का हुबं केलं?"
उंबऱ्यात नुसतं ऊन. मागे वळून बघायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत.
नंतर तिने वाटीभर पेज घेतली. दोन घास भातही.

५ एप्रिल, पुनरुत्थान रविवार
ईस्टरच्या पहाटे सगळे दफनभूमीत. कबरी काल पांढऱ्या केल्या, त्यांवर मेणबत्त्या. प्रवरेकडून गार वारा, मेणबत्त्या विझायच्या, बायका पुन्हा लावायच्या. वहिनी आली होती! सुनेच्या खांद्यावर हात टाकून, पण चालत.
पाळकसाहेब दुसऱ्या गावी. प्रार्थना मीच केली. छोटी. बरं केलंस, उठवलंस, असं काही म्हणालो नाही. जेवढं म्हणवलं तेवढंच.
मग थांबलो. सगळे थांबले. मी त्याची वाट बघत होतो. दादाची कबर लोकांच्या पाठीमागे, फाटकाशी. तिथून काही आलं नाही. उजाडायला लागलं, तरी नाही. मी भीत होतो त्या आवाजाला, आणि आज तो येत नाही म्हणून रडू येत होतं. वहिनीने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.
मग मीच म्हणालो. आमेन.
ओठ माझेच हलले, एवढं नक्की. मी सगळ्यांच्या समोर उभा होतो. आणि सगळ्यांनी वळून मागे पाहिलं, फाटकाकडे. वहिनीनेसुद्धा.