चूक शून्य, बॅटरी फुल्ल

२२ एप्रिल २०१९, चकलांबा
आजपासून नोंद ठेवायची. मोठं काम तारखेनिशी लिहून नसलं, तर पुढं लोक म्हणतात आपोआप झालं.
काम असं. दूध सोसायटीची चारा छावणी गावाबाहेर माळावर आहे. तिथं मोबाइलला रेंज नाही. हौद संपत आला की छावणीतली बायनाबाई सडकेपर्यंत चालत येते, चेअरमन मोहनरावांना फोन लावते, मग टँकर निघतो. आजच्या काळात ही पद्धत! मी हौदावर वायरलेस बसवलं. पाण्यात तरंगता फ्लोट, खांबावर अँटेना, बॅटरीला सोलर पॅनेल, रिसीव्हर माझ्या दुकानात. स्क्रीनवर 'भरला' किंवा 'रिकामा'. कॉलेज नाही, क्लास नाही. जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरता भरता शिकलो.
मोहनराव म्हणाले, तीन मेच्या मीटिंगपर्यंत बिनचूक चालवून दाखवा, सगळ्या छावण्यांना हेच बसवू. बायनाबाईला सांगितलं, आता चालायचं काम संपलं. म्हणाली, "बरं झालं, गुडघे लई दुखत व्हते."

२४ एप्रिल
ट्रान्समीटर फुल्ल पॉवरवर. एकही संदेश चुकला नाही.

२५ एप्रिल, सकाळी
स्क्रीन कोरी. बॅटरी उतरली. जाऊन बघतो तर सोलर पॅनेलवर सुभद्राबाईनं कुरडया वाळत घातलेल्या. खाली धुतलेलं धोतर अंथरून, हेही नमूद करतो. म्हणाली, "माळावर एवढी सपाट, स्वच्छ जागा दुसरी न्हाई."
सुभद्राबाईशी भांडून गावात कुणी जिंकलेलं नाही. त्यापेक्षा पॉवर कमी करणं शास्त्रीय.

२६ एप्रिल
पॉवर चौथाईवर. बॅटरी टिकली. शंभरात अकरा संदेश चुकीचे. त्यातला एक 'रिकामा' खरा धरून मोहनरावांना कळवलं. टँकर आला, हौद काठोकाठ. ड्रायव्हर कचरूला पुढच्या गावाची घाई. त्यानं तसाच पाइप सोडला. पाणी माळावरून वाहत गेलं, बाया भांडी घेऊन मागं पळाल्या. मोहनराव म्हणाले, "परत असं झालं तर खोकं घरी न्यायचं."
खोकं म्हणाले.

२७ एप्रिल
प्रत्येक संदेश तीनदा पाठवायचा, दोन जुळले तर खरा. चुका घटल्या. तीनदा बोलल्यामुळं बॅटरी परत उतरली. एक धरलं की दुसरं सुटतं. इंजिनिअरिंग यालाच म्हणतात. लोकांना वाटतं मी नुसता खटपट करतो.

२८ एप्रिल
खरं कारण सापडलं. दुष्काळानं जमीन इतकी सुकली की अर्थिंग धरत नाही. मोटारीच्या अर्थिंगला मीठ-पाणी घालतोच ना आपण. खांबाशी सळई ठोकली, हौदातल्या दोन घागरी ओतल्या. रोज ओताव्या लागतील.
आमची गाभण गाय याच छावणीत. शिवकन्या तिच्यापाशी बसली होती. नवरा एवढ्या मोठ्या कामात असताना म्हणते, "जनावरं मोजून पाणी प्यायलीत, अन् तुमी खिळ्याला पाजायलाव?"
खिळा नाही, सळई आहे, हे समजावलं. गायीचे दिवस भरत आलेत, म्हणून चिडते बिचारी.

२९ एप्रिल
एका जागी बसवत नाही. दुकान, गच्ची, परत दुकान. बबनरावांची मोटार उघडून ठेवलीय, तिला हात लावला नाही.
सुचलं! हौद भरलेला असताना 'भरला, भरला' सांगायचंच कशाला? फक्त रिकामा झाला तरच बोलायचं. पॉवर सगळ्यात कमी. जे बोलतच नाही ते चुकणार कसं?

३० एप्रिल
सकाळी टँकर येऊन हौद भरून गेला. त्यानंतर स्क्रीन शांत. चूक शून्य. बॅटरी फुल्ल.

१ मे
चूक शून्य. मीटिंगमध्ये बोलायचं भाषण तयार केलं. दोनदा बदललं.

२ मे, सकाळी
'रिकामा'. मग परत 'रिकामा'. ऐन मीटिंगच्या आदल्या दिवशी. माझ्या हिशेबानं हौद उद्या संध्याकाळपर्यंत पुरायला हवा. म्हणजे संदेश चुकीचा. यावर टँकर बोलावला अन् पाणी परत माळावर गेलं तर खोकं घरी. कळवलं नाही.

२ मे, दुपारी
अजून 'रिकामा'च. जाऊन बघावं वाटलं. पण आपणच बघायला गेलो तर यंत्रावर विश्वास कोण ठेवणार? रिसीव्हर बंद करून ठेवला. चूक शून्य कायम.

३ मे
मीटिंग झाली नाही. सगळे छावणीत होते. हौद कालपासून कोरडा. जनावरं हंबरून हंबरून गप्प झाली. आमची गाय खाली बसली ती उठेना. शिवकन्या ओलं फडकं तिच्या तोंडावरून फिरवत होती.
बायनाबाई म्हणाली, "आमी म्हणलं, मशीननं सांगितलं असंल. वाट बघत बसलाव."
मशीननं सांगितलंच होतं. हे मी तिथं सगळ्यांसमोर स्पष्ट केलं, म्हणजे यंत्र निर्दोष ठरलं. मोहनरावांनी खोकं स्वतः उतरवलं अन् माझ्या हातात दिलं.
टँकर आला. गाय पाणी पिऊन उठली. शिवकन्येनं तिला टेम्पोत चढवलं, स्वतःही चढली. भावाकडं, सिरसाळ्याला. तिथल्या विहिरीला थोडं पाणी आहे. विचारलं, कधी येणार? म्हणाली, "मशीनला इचारा."

८ मे
यंत्र घरच्या रांजणावर बसवलं. अंतर ओसरीपासून न्हाणीपर्यंत. फुल्ल पॉवर, बॅटरीची चिंता नाही.
मेहुणे बद्रीनाथ यांचा फोन. गाय व्याली, कालवड झाली, दोघी बऱ्या आहेत. शिवकन्येला फोन द्या म्हटलं. म्हणाले, ती गोठ्यात हाय, कामात हाय.

९ मे
स्क्रीनवर 'रिकामा'. उठून झाकण काढलं. रिकामा. खात्रीसाठी आत हात फिरवला. संदेश अचूक.
घागर घेऊन टँकरच्या रांगेत गेलो. सगळ्या बायाच. पुढं सुभद्राबाई. वळून माझ्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं. म्हणाली, "शिवकन्या कवा येणार हाय?"
म्हटलं, आज-उद्या येईल.
हा संदेश पडताळलेला नाही.