उजवीचं काय करायचं

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार (उभ्यानंच करते; वाकलं की टाक्यांची जागा ओढते). भावजींचा गुडघा काय म्हणतोय? इकडे बरं आहे. कॅन्सरपायी डावी छाती गेली, ती जखम भरली, आणि आता सगळं घर माझ्या उजवीच्या मागे लागलंय.

झालं असं, की मीच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ही धडधाकट आहे तीही काढून टाका, डोक्याला ताप नको. हाताखालच्या डॉक्टरणीने विचारलं, कोणती? मी समोरच्या आरशात बघून म्हटलं, डावी. अगं, जन्म गेला समोरच्या गिऱ्हाइकाची मापं घेण्यात! आरशातल्या बाईलाही मी गिऱ्हाईकच समजले, आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल करून मोकळी झाले. ती बिचारी पांढरीफटक. म्हणे, डावी तर आधीच काढलीय! मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, म्हणूनच घाई नको. डावीकडचा आजार उडी मारून उजवीकडे येत नाही, हिच्यात नव्यानं व्हायचा धोका थोडा, आणि ही काढली म्हणून आयुष्य वाढेलच असं नाही. मी म्हटलं, एक बाही फसली की मी दोन्ही नव्यानं कापते. त्या म्हणाल्या, बाही परत लावता येते. त्यांचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

घरी सासूबाई म्हणतात, सुक्याबरोबर ओलं कशाला जाळतेस? आमचे हे म्हणाले, तुला पटेल ते कर. (हो म्हणाले असते तरी भांडले असते, नाही म्हणाले असते तरी. या उत्तराशी भांडायचं कसं?) लेक म्हणते, आई, तू घाबरलीयस. घाबरलेच आहे! रोज आंघोळीला चाचपते, आणि मग पुन्हा एकदा चाचपते. तेव्हा काढायचं ठरलंय. तू धावत येऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. ठरलंय म्हणून लिहिलं खरं, पण ठरलेलं काही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलंय, रक्ताच्या नात्यात कुणाला होता का? असेल तर आणखी तपासण्या, आणि मग काढण्यातही अर्थ असू शकतो. मी ठणकावून सांगितलं, कुणालाच नाही.

आणखी एक. ताई, तू माप द्यायला येणं कधीच बंद केलंस. जुना कुडता पाठवतेस, यावरून शीव म्हणून. मागच्या वेळच्या कुडत्याला आतून, छातीपाशी एकाच बाजूला, कापसाची गादी टाचलेली होती. टाके तुझे होते. मी ती उसवली नाही, विचारलंही नाही. आता विचारते. तुलाही झाला होता ना? रागावणार नाही (रागावेन, पण नंतर). मला डॉक्टरांना खरं सांगायचंय गं. ये.