उपासाचे बांगडे

जॅसिंटा,

बांगडे साफ करून फ्रीजमध्ये ठेवलेत. आज शुक्रवार हाय, तुझ्या उपासाला तळून घे. हे लिहितानाही मला हसू येतंय. ईस्टरआधीचे तुमचे चाळीस दिवस यंदा पहिल्यांदाच माझ्या घरी आलेत; पहिल्या शुक्रवारी मी तुझ्यासाठी साबुदाणा भिजवला आणि तू बांगडे तळायला घेतलेस. आमच्यात मासळीने उपास मोडतो, तुमच्यात मटण बंद आणि मासळी चालते. हा कसला उपास, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "आई, खाण्याचं एवढं न्हाय. जे सोडवत न्हाय, ते चाळीस दिवस सोडायचं."

तेव्हापासून शोधतेय, मला काय सोडवत न्हाय? मासळी सोडेन, चहासुद्धा सोडेन. मग काल भांडी घासताना सापडलं. तुझ्या नि मितेशच्या लग्नात तुझ्या आईने मला जेवायला बसा म्हटलं न्हाय, ते मी चार वर्षं धरून बसलेय.

म्हणून रिक्षाने कोर्लईला विहीणबाईंकडे चाललेय. सोबत सुकटीची पिशवी नेतेय. चावी ह्या चिठ्ठीसोबत शेजारी देतेय. मितेशला इतक्यात सांगू नकोस, तो हसेल.

एक मात्र तू सांगितलं न्हायस. चाळीस दिवस झाले की सोडलेलं परत धरायचं असतं का?

आई